दर सेकंदाला दीडशे किलो मिथेन

५ जुलै २०२४ रोजी बजाज ऑटोनं सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल पुण्यात बाजारात आणली. तिच्या सीटखाली दोन किलो गॅसची टाकी बसवलेली आहे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यावर गाडी दोनशे किलोमीटर जाते, म्हणजे पुण्याहून कराड गाठूनही थोडा गॅस उरतो. सीएनजी म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास मिथेनच. आणि हाच मिथेन स्पेसएक्स कंपनीचं एक राप्टर रॉकेट इंजिन दर सेकंदाला साधारण दीडशे किलो जाळतं. पंच्याहत्तर मोटारसायकलींच्या भरलेल्या टाक्या एका सेकंदात संपल्या! त्याच कंपनीच्या स्टारशिप रॉकेटच्या खालच्या टप्प्यात अशी तेहेतीस इंजिनं एकाच वेळी पेटतात, तेव्हा सेकंदाला पाच टन मिथेन जळत असतो.

रॉकेटच्या गोष्टीत मोठे आकडे पावलोपावली भेटतात, त्यांची हळूहळू सवयही होते. मला गुंतवून ठेवतो तो दुसराच प्रश्न. ताकदीचा विचार केला तर हायड्रोजन मिथेनच्या कितीतरी पुढे आहे. टाकीत दाटीवाटीनं मावण्यात केरोसीन पुढे आहे. दोन्ही कसोट्यांत मिथेनचा नंबर दुसरा. असं असूनही अमेरिका, चीन, युरोप, जपान आणि आता आपली इस्रो, सगळ्यांची पावलं दहा-पंधरा वर्षांत याच वायूकडे वळली. दुसऱ्या नंबरवर असलेलं हे इंधन सगळ्यांना एकदम का आवडायला लागलं, हे समजून घेताना इंजिनाच्या अगदी आत, तांब्याच्या भिंतीपर्यंत जावं लागतं. तिथे जाऊच. आधी वायूची ओळख करून घेऊ.

एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन. यापेक्षा साधा हायड्रोकार्बन नाही. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या मॅग्गिओरे सरोवराच्या काठची दलदल काठीनं ढवळली, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि त्यातला वायू पेटवून पाहिला. विजेची बॅटरी बनवणारे हे तेच व्होल्टा. कुजणारा पाला, पाणी, आणि हवा पोचत नाही अशी जागा एकत्र आली की मिथेन तयार होतो. जमिनीखाली तो खनिज तेलाच्या सोबतीनं सापडतो. पुण्यातल्या घरांमध्ये पाइपनं येतो तोही हाच. शुद्ध मिथेनला रंग नाही, वासही नाही. गळती झाली तर आपल्याला कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं, गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. हे गंधक लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी आपली गाठ पडणार आहे.

वायूरूपात मिथेन फार जागा खातो. गाडीत तो वातावरणाच्या दोनशे पट दाबाखाली कोंबलेला असतो. इतका दाब सोसायचा तर टाकी जाडजूड हवी आणि रॉकेटला जाडजूड टाकी परवडत नाही, कारण तिचंच वजन त्याला आकाशात न्यावं लागतं. त्यामुळे दाबण्याऐवजी मिथेन गार करतात. उणे १६१.५ अंश सेल्सिअसला त्याचा द्रव होतो आणि सहाशे लिटर वायू एका लिटरात मावतो. पाण्यासारखा नितळ, पण पाण्याच्या निम्म्याहून हलका. महाराष्ट्राला या गारठलेल्या द्रवाची ओळख आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला समुद्रावरून जहाजं येतात ती हाच माल घेऊन. तिथे तो परत ऊबदार करून, वायू बनवून पाइपलाइनमध्ये सोडतात. नैसर्गिक वायूचा हा द्रव म्हणजे एलएनजी. त्याला आणखी शुद्ध केलं की रॉकेटचं इंधन तयार.

रॉकेटमध्ये मिथेन वापरायची कल्पना नवी असेल असं वाटतं, पण ती नव्वद वर्षांहून जुनी आहे. योहानेस विंकलर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९३१ मध्ये डेसाऊजवळच्या एका मैदानात हातभर लांबीचं रॉकेट उभं केलं. इंधन द्रव मिथेन, जोडीला द्रव ऑक्सिजन. २१ फेब्रुवारीला ते जेमतेम तीन मीटर उडालं. विंकलर खचला नाही. १४ मार्चला तेच रॉकेट साठ मीटरवर गेलं. द्रव इंधनावर उडालेलं युरोपातलं हे पहिलं रॉकेट, आणि त्यात जळला तो मिथेन! त्यानंतर मात्र मिथेन जवळपास ऐंशी वर्षं मागे पडला. प्रयोगशाळांत त्याची अधूनमधून चाचणी व्हायची, रशियात व्हायची, अमेरिकेत व्हायची, पण अवकाशात जाणाऱ्या रॉकेटांना तो कुणी लावला नाही.

याचं कारण समजण्यासारखं आहे. जर्मनीचं व्ही-२ अल्कोहोलवर उडालं. रशियाचं सोयूझ आणि माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ चा पहिला टप्पा केरोसीनवर चालले. केरोसीन पिंपात भरून ठेवता येतं, गार करायची गरज नाही, कमी जागेत जास्त मावतं. वरच्या टप्प्यांना जास्तीत जास्त ताकद हवी होती, तिथे उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आला. गारठ्याशी झुंजायचंच असेल तर सर्वांत ताकदवान इंधनासाठी झुंजू, असा विचार होता. मधल्या मिथेनकडे कुणी वळलंच नाही. शिवाय प्रत्येक रॉकेट एकदाच वापरून समुद्रात टाकून द्यायचं असल्यामुळे उड्डाणानंतर इंजिनाच्या आत काय अवस्था आहे, याची चिंता करायचं कारणच नव्हतं.

आता त्या भिंतीकडे जाऊ.

रॉकेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात तापमान तीन हजार अंशांच्या वर जातं. कक्षाची आतली भिंत बहुधा तांब्याच्या मिश्रधातूची असते, आणि तांबं वितळतं १,०८५ अंशांना. हिशेबानं इंजिन पेटताक्षणी वितळायला हवं. ते वितळत नाही, कारण भिंतीच्या जाडीतून बारीक खाचा काढलेल्या असतात. शेकडो खाचा, नोझलपासून कक्षाच्या डोक्यापर्यंत उभ्या, एकमेकींना खेटून. जळायला जाण्याआधी गार इंधन प्रचंड वेगानं या खाचांमधून पळवतात. एका बाजूला पोलाद वितळवणारी ज्वाला, दुसऱ्या बाजूला उणे शंभराच्याही खालचा द्रव आणि मध्ये एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचं तांबं. ही पातळ भिंत टिकते ती उष्णता वाहून जाण्याचा वेग आणि उष्णता येण्याचा वेग यांची बरोबरी राहिल्यामुळे. आणि भिंतीची ओढून घेतलेली उष्णता वाया जात नाही. तापलेलं इंधन तीच ऊर्जा घेऊन परत इंजिनात शिरतं.

केरोसीनची अडचण नेमकी इथे येते. कंदील रात्रभर जळला की काच आतून काळी पडते, हे ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना सांगायला नको. तापलेल्या खाचांमध्येही केरोसीनचे लांबलचक रेणू तुटतात आणि कार्बनचा थर भिंतीला चिकटतो. हा थर उष्णता अडवतो. मग त्या जागी तांबं जास्त तापतं, जास्त तापलं की आणखी थर बसतो. एकदाच उडायचं असेल तर हे खपून जातं. स्पेसएक्सचं फाल्कन-९ केरोसीनवरच पुन्हा पुन्हा उडतं, तेव्हा काजळीवर मात करता येते हेही खरं. पण तेच इंजिन आज उतरवून उद्या परत न्यायचं असेल तर काजळीचा प्रत्येक कण आड येतो. मिथेनचा रेणू आधीच इतका लहान की त्यात तुटायला लांब साखळीच नाही. तो तुटतो, पण फार वरच्या तापमानाला. त्याच्या खाचा स्वच्छ राहतात.

मिथेनमध्ये आणखी एक गुण आहे आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. कुठलाही द्रव तापलेल्या धातूला लागला की उकळतो, बुडबुडे होतात. खाचेत बुडबुड्यांचा पडदा भिंतीला चिकटला तर तेवढ्या जागी द्रव भिंतीला शिवतच नाही आणि तांबं क्षणात जळून भोक पडतं. पण मिथेनवर वातावरणाच्या सेहेचाळीस पटींपेक्षा जास्त दाब असेल, तर तो उकळतच नाही. पंपातून येणारा मिथेन या दाबाच्या कितीतरी वर असतो. तो खाचेत शिरतो तेव्हा द्रवासारखा दाट असतो, बाहेर पडतो तेव्हा वायूसारखा विरळ असतो आणि या वाटेत तो द्रवाचा वायू नक्की कुठे झाला, हे दाखवणारी सीमारेषाच नसते. बुडबुडा नाही, फेस नाही. एकच पदार्थ सलग बदलत जातो. पदार्थाची अशी अवस्था भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आपण वाचतो. इथे तिच्या भरवशावर तांब्याची भिंत उभी असते.

पंपांकडेही बघायला हवं. कक्षात आधीच प्रचंड दाब असतो, त्यामुळे इंधन आत ढकलायला त्याहून जास्त दाब लागतो. राप्टरच्या कक्षातला दाब वातावरणाच्या तीनशे पटींच्या घरात आहे, मोटारसायकलीच्या टाकीतल्या दाबाच्या दीडपट. फरक असा की टाकीत गॅस निपचित असतो, इथे त्या दाबाखाली आग पेटलेली असते. हे पंप फिरवायला हजारो अश्वशक्तीची टर्बाइनं लागतात आणि ती फिरवायला वेगळं जळण लागतं. जुन्या पद्धतीत थोडं इंधन बाजूला जाळून टर्बाइन फिरवायचे आणि तो धूर बाहेर सोडून द्यायचे. तेवढं इंधन वाया. राप्टरमध्ये थेंबही वाया जात नाही. सगळा ऑक्सिजन एका लहान कक्षात थोड्याशा मिथेनबरोबर अर्धवट जळतो आणि ऑक्सिजनचा पंप फिरवतो. सगळा मिथेन दुसऱ्या लहान कक्षात थोड्याशा ऑक्सिजनबरोबर अर्धवट जळतो आणि मिथेनचा पंप फिरवतो. मग दोन्ही गरम वायू मुख्य कक्षात भेटतात आणि उरलेलं जळण तिथे पूर्ण होतं. रशियानं १९६० च्या दशकात आरडी-२७० नावाचं या पद्धतीचं इंजिन बनवून जमिनीवर पेटवलं होतं, पण ते कधी उडालं नाही. कठीण भाग आहे गरम ऑक्सिजनचा. इतक्या दाबाच्या तापलेल्या ऑक्सिजनमध्ये धातूच पेट घेतो! तिथे टिकतील असे मिश्रधातू हाताशी येईपर्यंत ही रचना कागदावरच छान होती. मिथेनची या रचनेशी जोडी जमते. इंधन जास्त आणि ऑक्सिजन कमी असलेल्या त्या लहान कक्षात केरोसीन काजळीचे लोट काढेल. मिथेन फारशी काजळी न करता टर्बाइन फिरवतो.

टाक्यांची गोष्टही सांगायलाच हवी. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा, मिथेन उणे १६१ चा. दोघांमध्ये फार अंतर नाही, म्हणून दोन टाक्यांच्या मध्ये एकच घुमट ठेवून भागतं आणि बरंच वजन वाचतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये सत्तर अंशांचं अंतर, तिथे मध्ये जाड आच्छादन लागतं. पण निसर्गानं इथे एक कोडं घातलं आहे: मिथेन गोठतो उणे १८२.५ अंशांना. म्हणजे शेजारच्या टाकीतला ऑक्सिजन जेमतेम उकळत असतो, त्याच तापमानाला मिथेनचा बर्फ व्हायला लागतो. ऑक्सिजन आणखी गार करून टाकीत जास्त भरायचा मोह सगळ्यांनाच असतो, कारण गार द्रव दाट असतो. पण तो मोह करताना शेजारचा मिथेन गोठणार नाही, हे पाहावं लागतं.

आणि पेटवणं. केरोसीनला पेटवायला अनेक इंजिनांत हवेशी गाठ पडताच भडकणारं वेगळं रसायन लागतं, ते संपलं की इंजिन परत सुरू होत नाही. मिथेनला ठिणगी पुरते. ठिणगी कितीही वेळा पाडता येते. परत येणाऱ्या रॉकेटला उतरताना इंजिन दोन-तीनदा पेटवायचं असतं, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे. जळताना मिथेनची ज्योत जांभळट निळी दिसते. केरोसीनचा झोत पिवळा-केशरी दिसतो, कारण त्यात तापून लाल झालेले काजळीचे कण असतात. रंगावरूनच कळतं की आत काय जमलंय.

या सगळ्यात पुणे कुठे आहे? प्रामाणिक उत्तर असं की पुण्याची रॉकेटविद्या मुख्यतः घन इंधनाची आहे. पाषाण-सुतारवाडीतली उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा, एचईएमआरएल, क्षेपणास्त्रांच्या घन इंधनावर काम करते. १९०८ मध्ये नैनितालला सुरू झालेल्या एका छोट्या कार्यालयापासून तिची परंपरा चालत आली आहे. जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर पूर्वी साखर कारखान्यासाठी ओळखलं जायचं. तिथला यंत्रं बनवणारा उद्योग १९७० च्या दशकापासून इस्रोला रॉकेट मोटारींची पोलादी आवरणं करून देतो. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही कुशींना जे जाडजूड बूस्टर दिसतात, त्यांच्या आवरणांचे भाग तिथले. उसाच्या पट्ट्यात, भीमा-नीरेच्या खोऱ्यात हे काम चालतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. घन इंधन आणि मिथेन यांच्या तारखांचा एक योगायोग पाहा. १२ जुलै २०२३ रोजी चीनच्या लँडस्पेस कंपनीचं झूचे-२ हे रॉकेट पृथ्वीच्या कक्षेत पोचलं. मिथेनवर कक्षेत गेलेलं जगातलं हे पहिलं रॉकेट. बरोबर दोन दिवसांनी, १४ जुलैला, चांद्रयान-३ एलव्हीएम-३ वरून श्रीहरिकोट्याहून निघालं, वालचंदनगरचं पोलाद कुशीला घेऊन. घन इंधनाचं वैशिष्ट्य असं की एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतं. ते विझवता येत नाही, कमी-जास्त करता येत नाही. उचलायला त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही, पण परत आणून उतरवायला ते उपयोगाचं नाही.

त्याच एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यात मुंबईच्या विक्रोळीत गोदरेज बनवत असलेलं विकास इंजिन असतं. त्याची दोन रसायनं एकमेकांना भेटताच आपोआप पेटतात, ठिणगीही लागत नाही, पण दोन्ही जहरी आहेत. भरताना माणसांना अंगभर संरक्षक पोशाख घालावा लागतो. इस्रोला यातून बाहेर पडायचं आहे आणि तिचा एक रस्ता मिथेनकडे जातो.

महाराष्ट्रात मिथेनचं रॉकेट इंजिन प्रत्यक्ष पेटलं ते नागपुरात. हैदराबादच्या स्कायरूट एरोस्पेस या कंपनीनं धवन-१ हे इंजिन नोव्हेंबर २०२१ मध्ये सोलर इंडस्ट्रीजच्या नागपुरातल्या चाचणी केंद्रात पेटवलं. नाव इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचं. इंधन एलएनजी, सोबत द्रव ऑक्सिजन. म्हणजे दोन्ही बाजू अतिशीत. त्याच वर्षी जुलैत नागपुरात खासगी क्षेत्रातलं देशातलं पहिलं एलएनजी केंद्रही सुरू झालं होतं, ट्रकसाठी. एकाच शहरात एकाच वर्षी तोच द्रव ट्रकच्या टाकीत आणि रॉकेटच्या इंजिनात! पुढे एप्रिल २०२३ मध्ये धवन-२ तिथेच दोनशे सेकंद सलग जळलं. त्याचा रेटा साडेतीन किलोन्यूटन, राप्टरच्या सुमारे साडेसहाशेव्या हिश्श्याइतका. हा आकडा वाचून कुणी नाक मुरडू नये. वरच्या टप्प्याच्या इंजिनाला हळू पण लांब जळायचं असतं, आणि दोनशे सेकंद तग धरला याचा अर्थ भिंत, खाचा आणि इंधनाचा गारठा यांचा मेळ जमला.

या इंजिनाकडे जवळून पाहण्याचं कारण म्हणजे ते त्रिमितीय छपाईनं बनवलेलं आहे. धातूची बारीक भुकटी, तिच्यावर लेसरचा किरण, एक थर वितळून घट्ट झाला की त्यावर पुढचा. असे हजारो थर. मघाशी ज्या खाचा पाहिल्या, त्या जुन्या पद्धतीत एकेक करून कोरायच्या, मग वर दुसरा धातू चढवून झाकायच्या. हे काम महिनोनमहिने चाले आणि एखादा सांधा कच्चा राहिला तर सगळं वाया. छपाईत खाच भिंतीबरोबरच तयार होते, वळणदार हवी तर वळणदार, नोझलच्या गळ्यापाशी जिथे सर्वांत जास्त उष्णता असते तिथे अरुंद. सांधाच नसल्यामुळे गळायची जागाही नाही. मिथेन इंजिनांचा सुकाळ आणि धातूच्या छपाईचा सुकाळ एकाच काळात आला, आणि मला वाटतं पहिल्याला दुसऱ्याचा मोठा हात लागला.

इस्रोची झेप याहून फार मोठी आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. खर्च ८,२४० कोटी रुपये, मुदत ९६ महिने. पृथ्वीजवळच्या कक्षेत तो ३० टनांपर्यंत भार नेईल, आजच्या एलव्हीएम-३ च्या साधारण तिप्पट भार दीडपट खर्चात, आणि त्याचा पहिला टप्पा परत येईल. त्यासाठी इस्रो एलएमई-११० हे मिथेन इंजिन घडवत आहे, ११० टनांच्या रेट्याचं. विकासच्या ८० टनांपेक्षा बरंच जास्त. या प्रक्षेपकासाठी श्रीहरिकोट्याला तिसरं उड्डाणस्थळ बांधायलाही जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. टप्पा परत येणार, म्हणून मिथेन. सगळा निर्णय त्या स्वच्छ खाचांपाशी येऊन थांबतो.

परत येण्याचा विचार आणखी ताणला की मंगळ येतो. मंगळावर गेलेल्या यानाला तिथून निघायचं असेल तर इंधन पृथ्वीवरून नेणं जवळपास अशक्य आहे. मंगळाच्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, जमिनीत बर्फ आहे. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो कार्बन डायऑक्साइडबरोबर निकेलच्या उत्प्रेरकावर तापवायचा, की मिथेन आणि पाणी मिळतं. ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावानं ओळखली जाते, ज्यांना १९१२ मध्ये नोबेल मिळालं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात असं यंत्र बसवलेलं आहे. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते पाणी बनवतं. पाणी ठेवून घेतात आणि सोबत तयार झालेला मिथेन अवकाशात सोडून देतात. माणसाच्या श्वासातून रॉकेटचं इंधन बनतं, आणि सध्या ते टाकून द्यावं लागतं! मंगळावर ऑक्सिजन काढण्याचा प्रयोगही झाला. पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्रानं २०२१ ते २०२३ मध्ये तिथल्या हवेतून १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढून दाखवला. शेकडो टनांची गरज पाहता हे फार थोडं आहे, पण शक्य आहे हे सिद्ध झालं.

आणि पृथ्वीवर? जमिनीतून उपसलेला मिथेन जाळला तर वातावरणात नवा कार्बन जातो. न जळता निसटला तर त्याहून वाईट, कारण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट उष्णता अडवतो. टाक्या भरताना निसटणाऱ्या प्रत्येक किलोची काळजी रॉकेटवाल्यांनी करायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

इथे पुण्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं, म्हणजे अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, २००३ च्या सुमारास घराच्या गच्चीवर मावेल असं बायोगॅस संयंत्र तयार केलं. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उलटी घातलेली. वरची टाकी गॅस साठेल तशी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. तिच्याकडे पाहून आज स्वयंपाकाला किती गॅस आहे ते कळतं. कर्व्यांचं म्हणणं असं की शेण म्हणजे गाईनं आधीच पचवून उरलेला चोथा. त्यापेक्षा जंतूंना थेट पिष्ट खाऊ घाला: शिळा भात, खराब पीठ, सडकी फळं. शेणाच्या संयंत्रात चाळीस किलो शेण घालून चाळीस दिवसांत जेवढा मिथेन मिळतो, तेवढा, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास, दोन किलो पिष्टातून एखाद-दुसऱ्या दिवसात निघतो, असं संस्थेनं दाखवलं. २००६ मध्ये या संयंत्राला ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

हा गॅस रॉकेटला चालेल का? जपाननं ते करून पाहिलं आहे. होक्काइदो बेटावरच्या ताइकी गावात इंटरस्टेलर टेक्नॉलॉजीज कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये एक इंजिन दहा सेकंद पेटवलं. इंधन आसपासच्या गोठ्यांतल्या शेणापासून काढलेला द्रव मिथेन. शेणाचा वायू आणि इंजिनाच्या तोंडून निघालेला सरळ निळा झोत.

मधलं काम सगळं शुद्धीकरणाचं असतं. कच्च्या बायोगॅसमध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड असतो. तो उणे १६१ अंशांच्या कितीतरी आधी गोठून नळ्या तुंबवतो, म्हणून आधी काढावा लागतो. हायड्रोजन सल्फाइडही असतो, आणि मघाचं गंधक इथे परत भेटतं: ते तांब्याला खातं, त्याच तांब्याला ज्याच्या एखाद्या मिलिमीटरवर इंजिन उभं आहे. गॅस शुद्ध करून सीएनजीच्या तोडीचा बनवण्याची विद्या पुण्यात आहे. बावधनची प्राज इंडस्ट्रीज साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून असा गॅस काढायचं तंत्रज्ञान देते. वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइडही टाकून द्यायची गरज नाही. त्याला हायड्रोजन दिला की साबातिएची अभिक्रिया त्याचाही मिथेन करते. जर्मनीत वेर्ल्टे इथे २०१३ पासून बायोगॅस प्रकल्पातला कार्बन डायऑक्साइड घेऊन हेच केलं गेलं.

स्टारशिपच्या खालच्या टप्प्यात सुमारे सातशे टन मिथेन भरतात. आरतीच्या हिशेबानं दिवसाला अर्धा किलो धरला तर ते चौदा लाख स्वयंपाकघरांचं एका दिवसाचं खरकटं. धवनसारख्या लहान इंजिनाची गरज मात्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेवढा मिथेन साखरेच्या पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम प्रकल्पातून सहज निघेल. शुद्ध करायची सोय आहेच, फक्त त्यापुढे त्याला उणे १६१ अंशांपर्यंत गार करणारं यंत्र जोडावं लागेल.